वरच्या मजल्यावरची गोड भाजी

गाजराच्या भाजीत मध घालणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं ते आमच्याच घरात, वरच्या मजल्यावर. गाजर, रताळं, सुकं आलुबुखार, संत्र्याचा रस, वर मध आणि दालचिनी. हे सगळं झाकण ठेवून दीड-दोन तास मंद गॅसवर. भाजी म्हणावी तर फोडणी नाही, खीर म्हणावी तर दूध नाही. असलं काही दर शुक्रवारी पातेलंभर शिजत असेल आणि शिजवणारी बाई एकटीच राहत असेल, तर ते खातं कोण, हा प्रश्न कुणालाही पडेल. मला पडला.

बाई ज्येष्ठात राहायला आल्या. आणल्या सासऱ्यांनी. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बाईंचे यजमान त्यांच्याच पलटणीत होते, ते दोन वर्षांपूर्वी वारले. ठाण्यातला फ्लॅट विकून बाई मुलीकडे परदेशात कायमच्या जाणार होत्या, पण कागदपत्रं व्हायला सहा-आठ महिने लागणार होते. सासऱ्यांनी फोनवरच सांगून टाकलं की वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, या. मला कळलं ते टेम्पो दारात उभा राहिल्यावर. नवरा कुपवाडच्या कारखान्यात, शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीने सांगलीकडे परत जातो. त्यामुळे घरात सासरे आणि मी. मी दहा ते सहा सरकारी ऑफिसात आवक-जावक बघते. आलेला कागद कुठून आला, कुणी आणला, त्यावर सही कुणाची, हे विचारल्याशिवाय माझा शिक्का उठत नाही, आणि ही सवय काही ऑफिसच्या दारात चपलेसारखी काढून ठेवता येत नाही.

पोलिसांकडे द्यायचा भाडेकरूचा फॉर्म मी बाईंच्या पुढ्यात ठेवला. धर्माच्या रकान्यात त्यांनी ‘ज्यू’ लिहिलं. मी पुन्हा वाचलं. आडनाव रायगडातल्या गावावरून, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, नऊवारीतल्या आईचा फोटो भिंतीवर. त्या म्हणाल्या, आम्ही कित्येक पिढ्या कोकणातलेच, आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे. मग त्यांनी भांडी लावली. दुधातुपाची वेगळी, मटणाची वेगळी, ओळखायला कानाला दोऱ्या बांधलेल्या. मी स्वतः एकादशीला वेगळी कढई काढते, तरी मला ते खटकलं.

शुक्रवारच्या भाजीबद्दल मी पहिल्या महिन्यातच विचारलं. बाईंनी सांगितलं ते असं. मुलीचं सासर युरोपातल्या ज्यूंचं. त्यांच्यात नव्या वर्षाला ही गोड भाजी लागतेच, नाव त्सिमेस. मुलीच्या सासूला अर्धांगवायू झाला, हात चालेना. आता पातेलं बाईंवर येणार. पण बाईंच्या माहेरी-सासरी ही भाजी कुणी बघितलेली नव्हती. त्यांच्याकडे नव्या सणाला, म्हणजे नव्या वर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा. म्हणून सराव. पातेलं आठवडाभर त्या एकट्याच पुरवून खातात, असं त्यांचं म्हणणं.

“दुसऱ्याच्या घरात कायमची राहायला चाललेय,” त्या म्हणाल्या. “हातात काहीतरी येत असलेलं बरं.”

उत्तर बरोबर होतं. फार बरोबर उत्तरं आली की मला जास्त शंका येते.

श्रावणात सासऱ्यांना नवी चप्पल लागली. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला. साखर त्यांना दहा वर्षांची. आठ दिवसांत बोट सुजलं, पंधरा दिवसांत कडेनं काळं दिसायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, ड्रेसिंग लिहून दिलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की दसऱ्यापर्यंत साखर खाली आली तर बोट वाचेल, नाहीतर काढावं लागेल, आणि त्यातही उशीर केला तर गोष्ट पावलावर जाईल. गोड पूर्ण बंद.

सासऱ्यांनी दवाखान्यात मिशीला पीळ देत चेष्टा केली. घरी आल्यावर खाटेवर बसून पाय मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले. रोज पहाटे किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाणारा माणूस.

“बंदुकीपरास पायच लय चालवलं मी, पोरी,” ते म्हणाले. “बोट काढलं की माणूस वाकडं चालतंय. बघितल्यात मी तसली.”

मी साखर मोजायचं मशीन आणलं. रोज सकाळी चहाच्या आधी टोचायचं आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. चहात साखर नाही, घरात बिस्किटाचा पुडा नाही, पेढ्याचा बॉक्स आला की शेजारी. तरी आकडा खाली यायला तयार नव्हता.

गौरी-गणपतीनंतर खाटेखाली केर काढताना मला एक स्टीलची वाटी सापडली. आमची नव्हती. कानाला लाल दोरी. तळाला केशरी रंगाचं काहीतरी चिकटून वाळलेलं. मी वास घेतला. दालचिनी.

सासरे आधी म्हणाले, ठाऊक न्हाई. मग म्हणाले, आषाढातली असंल. मग म्हणाले, एकदाच खाल्ली, दोन चमचं, वरच्या वहिनींनी चव बघाया दिली हुती. तीन वाक्यांत तीन उत्तरं. मी वाटी घेऊन वर गेले.

बाईंनी वाटी हातात घेतली, उलटी करून बघितली. “दिली होती. आषाढात, दोनदा. पायाचं कळल्यापासून एक घाससुद्धा नाही.”

मी म्हटलं, मी दिवसभर घरात नसते.

“मग बसून बघ,” त्या म्हणाल्या. “अमावस्येला आमचं नवं वर्ष लागतंय. त्या दिवशी करणारच आहे. पातेल्यात काय जातं आणि पातेल्यातून कुठे जातं, दोन्ही बघ.”

सर्वपित्रीला नवं वर्ष. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला नाही असं म्हणणार नाही. ज्या दिवशी आम्ही गेलेल्यांना जेवायला घालतो, त्या दिवशी वरच्या मजल्यावर गोडाधोडाचं, नवे कपडे. शेजारच्या वहिनींना मी हे बोलून गेले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीलाही. वाटीचं पण सांगितलं. दोघींनी डोळे मोठे केले, आणि मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

अमावस्येला मी रजा टाकली. पान वाढून झालं, कावळा शिवला, सासऱ्यांना गोडाची खीर न वाढता जेवायला घातलं आणि चारच्या सुमारास वर जाऊन मोड्यावर बसले.

गाजरं केशरी, लांबट. बाईंनी ती सोलून गोल चकत्या केल्या. नाण्यांसारख्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे वर्ष भरभराटीचं जातं, असं तिकडे मानतात म्हणे. गाजरं आठ होती, मी मोजली. रताळं एक, मध्यम. त्याच्या जाड फोडी. कारण रताळं लवकर विरघळतं आणि गाजर हट्टी असतं, म्हणून गाजर आधी, रताळं अर्ध्या तासाने. पातेल्यात दोन चमचे तेल घातलं.

मी विचारलं, तूप का नाही.

“मटणाच्या जेवणाबरोबर वाढतात ना. तूप चालत नाही.”

“म्हणजे यात मटण असतं?”

“काही घरांत घालतात. माझ्यात नाही.”

मी डाव घेऊन तळापर्यंत ढवळून बघितलं. त्यांनी फक्त डाव धुऊन घेतला.

गाजराच्या चकत्या तेलावर परतल्या, चिमूटभर मीठ, दालचिनीचा तुकडा. दोन संत्र्यांचा रस, तेवढंच पाणी. उकळी आल्यावर गॅस इतका बारीक केला की आच आहे की नाही ते वाकून बघावं लागलं. अर्ध्या तासाने रताळं, नंतर पाच-सहा आलुबुखार. मध सगळ्यात शेवटी, दोन चमचे, कारण आधी घातला तर तळाला लागतो. हे त्या पहिल्या तीन शुक्रवारी पातेली खरवडून शिकल्या होत्या. झाकण अर्धं उघडं ठेवायचं, रस आटून चकत्यांवर चकाकी येईपर्यंत. ढवळायचं नाही, पातेलं धरून हलवायचं.

सहा वाजून गेल्यावर त्यांनी मला बशीत वाढलं. वाईट नव्हतं. गाजराला तोंडात घातल्यावर गाजर असल्याचं आठवत नव्हतं. मी एक चमचा खाल्ला आणि उरलेलं पातेलं कुठे ठेवणार ते विचारलं. बाईंनी डबा भरला, काट्यावर तोलून मला दाखवला, फ्रीजमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, उद्या येऊन पुन्हा वजन कर.

मी केलं. बरोबर भरलं.

दुसऱ्या दिवशी घट बसले. सासरे नवरात्राचे नऊ दिवस धरतात. औंधची यमाई घराण्याची कुलदेवता, आणि भरतीच्या वर्षापासून त्यांनी एकही नवरात्र चुकवलेलं नाही, सीमेवर असतानासुद्धा. डॉक्टरांना मी फोनवर सांगितलं की ते उपास करतात, म्हणजे खाणं फार कमी होईल. डॉक्टर घाईत होते. म्हणाले, कमी खाणं चांगलं, गोळ्या चुकवू नका.

मी उपासाचं नीट बघितलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी उकडलेली रताळी आणि दूध, चारला राजगिऱ्याचा लाडू, रात्री वरी आणि बटाट्याची भाजी. म्हातारं माणूस, पायाला जखम, अशक्तपणा यायला नको म्हणून रताळी दोनाची तीन केली. साखर कुठेच घातली नाही. लाडवात गूळ होता, पण तो उपासाचा.

तिसऱ्या माळेला सकाळचा आकडा तीनशेच्या पुढे गेला. चौथ्याला आणखी वर. बोटाची काळी कड आत सरकली.

मी ऑफिसला जाताना जिन्याच्या लोखंडी दाराला कुलूप लावायला सुरुवात केली. बाईंना सांगितलं की चोऱ्या वाढल्यात. त्यांना खाली यायचं तर मागच्या बाजूने, शेजारच्या वहिनींच्या डोळ्यांसमोरून यावं लागे. त्या कुलपाकडे बघत म्हणाल्या, “आमचा मोठा उपास दसऱ्याच्या सुमारास येतो. जुनी माणसं त्याला दरफाळणीचा सण म्हणायची. दारं लावून घरात बसायचं. यंदा तू आधीच लावलंस.”

नवरा फोनवर म्हणाला, त्यांना दुसरीकडे सोय बघायला सांग. मी म्हटलं, शुक्रवार जाऊ दे. शुक्रवारी बाई पुण्याला निघाल्या होत्या, त्यांच्या लोकांत प्रार्थनेला, रविवारपर्यंत. मी मनात ठरवलं, परत आल्या की सांगायचं. त्या गेल्यावर मी वर जाऊन फ्रीज बघितला, रताळ्यांची टोपली बघितली, खोलीला बाहेरून आमचं कुलूप घातलं.

शनिवारी सकाळी आकडा खाली यायला हवा होता. आला नाही. रविवारी सकाळी तो सगळ्यांत जास्त निघाला.

मी मशीन दोनदा धुतल्या बोटावर लावलं. पट्ट्यांची तारीख बघितली. नवरा शनिवारी आला होता, त्याचीही साखर मोजली, ती ठीक होती. म्हणजे मशीन बरोबर. वर कुलूप. सासरे दोन दिवस खाटेवरून हललेले नाहीत. बाहेरचं कुणी आलेलं नाही. मग त्यांच्या पोटात जे काही गेलं ते माझ्याच हातून गेलं होतं.

मी खिचडीची बशी त्यांना दिली आणि दोन तासांनी टोचलं. मग रताळी आणि दूध दिलं आणि पुन्हा दोन तासांनी टोचलं. दुसऱ्या वेळी मशीनने आकडा दाखवलाच नाही, नुसतं ‘हाय’ अशी अक्षरं आली, म्हणजे साखर मशीनच्या मापाच्याही वर. मी ओट्यापाशी उभी राहून हिशोब केला. बाईंच्या पातेल्यात, जे सहा माणसांना पुरलं असतं, मिळून एक रताळं होतं. मी एका माणसाला दिवसाला तीन देत होते, वर साबुदाणा, वर बटाटा, वर लाडू. उपासाचं म्हणून त्यातल्या एकाही वस्तूवर माझी नजर गेली नव्हती. वाटीचा वास घेणारी मी.

सासऱ्यांना सांगितलं, उपास सोडा, भाकरी आणि मेथी करते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. घट बसल्यात, म्हणाले. बोट गेलं तर जाऊ दे, यमाईला काय तोंड दाखवू. नवऱ्याने समजावलं, रागावला, शेवटी सोमवारी पहाटे गाडीला निघून गेला.

बाई रविवारी संध्याकाळीच आल्या होत्या. मी दोन्ही कुलपं त्या यायच्या आधी काढून ठेवली होती. सोमवारी सकाळी मी वर जाऊन सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. माफी वगैरे मला नीट मागता येत नाही. त्या ऐकत होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत. चष्मा घातला आणि गुडघ्यावर हात टेकत जिना उतरल्या.

“भाऊजी, आमचा उपास पंचवीस तासांचा. पाण्याचा थेंब नाही,” त्या खाटेशी खुर्ची ओढून म्हणाल्या. “तुमच्या मित्राने एकदा ताप असताना धरला होता. आमचे बुजुर्ग त्याच्यावर असे भडकले. म्हणाले, आजाऱ्याने खायचं हाच हुकूम आहे. तू उपास धरून देवाचा हुकूम मोडलास.”

“तुमचा देव येगळा हाय, वहिनी.”

“असेल. पण तुमच्या यमाईने रताळी खा म्हणून सांगितलं होतं का? ते तर तुमच्या सुनेने सांगितलं.”

सासरे हसले नाहीत. उशीला टेकून उठून बसले. मग मला म्हणाले, “भाकरी जवारीची कर. आन तिखाट दे जरा, आठ दिस त्वांड मेलंय.”

आकडा तीन दिवसांत खाली आला. बोटाला तेवढे दिवस मिळाले नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि मान हलवली. मला विचारलं, काय दिलं होतं यांना. मी काही बोलायच्या आत सासरे म्हणाले, म्या गुपचूप खाल्लं, साहेब, दोष कुनाचा न्हाई. मी म्हटलं, गुपचूप काही नाही, मी वाढलं, उपासाचं, रोज चार वेळा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, फोनवर मीही विचारायला हवं होतं. त्यांनी बोट काढलं. पाऊल राहिलं.

घरी आणल्यावर बघायला माणसं यायला लागली. शेजारच्या वहिनी आल्या, गल्लीतले निवृत्त फौजी आले, ऑफिसातली मैत्रीण आली. प्रत्येकाने आधी पायाकडे बघितलं आणि मग जिन्याकडे. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, त्या बाईचं ते गोड खाऊन झालं ना हे. मी म्हटलं, नाही, माझी रताळी खाऊन. त्या माझा हात दाबून म्हणाल्या, “तू लय साधी हायस. घरात ऱ्हातीय म्हणून पांघरून घालतीस.”

मैत्रिणीचंही तेच. मी एका वाक्यात सोडलेली गोष्ट दहा वाक्यांत परत मागत होते आणि कुणी देत नव्हतं. बाईंना आता बाजारात जाताना लोक बाजूला होऊन बघत. त्यांनी तसं मला कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एका शुक्रवारी वरून दालचिनीचा वास आला नाही.

मी त्या शुक्रवारी अर्धी रजा टाकली आणि वर जाऊन म्हटलं, पातेलं खाली आणा, मला शिकवा. त्या म्हणाल्या, कशाला. मी म्हटलं, दाखवायला.

गाजरं मी कापली, जाड झाली, त्यांनी पुन्हा कापायला लावली. रताळं मी लवकर टाकायला निघाले, त्यांनी मनगट धरलं. मध घालताना मला दोन चमचे फार वाटले, मी एकच घातला. पाच वाजता शेजारच्या वहिनी आणि गल्लीतले एक निवृत्त सुभेदार साहेब आले, त्यांच्यासमोर मी चार बशा मांडल्या. वहिनींनी बशी नाकाशी नेली, ह्यात ‘काय’ न्हाई ना, असं विचारलं. मी पातेलं उचलून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, ढवळून बघा, मीही बघितलं होतं. त्यांनी खाल्ली. बशी रिकामी केली. सुभेदार साहेबांनी दुसऱ्यांदा मागितली.

खाटेवरून सासरे म्हणाले, “आन आमी काय निस्ता वास घ्यायचा व्हय?”

मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, तू ठरव. मी एक चमचा मोजून, वरून सपाट करून, त्यांच्या भाकरीच्या ताटात घातला आणि भाकरी चतकोर कमी केली. घड्याळात वेळ बघून ठेवली.

दोन तासांनी मी मशीन काढलं. जेवणानंतर आकडा एकशे ऐंशीच्या आत हवा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सुभेदार साहेब निघून गेले होते. वहिनी मुद्दाम थांबल्या होत्या, निमित्त करून, पदराशी चाळा करत. मी बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. पाच सेकंद सगळ्यांच्या नजरा त्या काचेवर.

एकशे बावन्न. मी आकडा मोठ्याने वाचला आणि मशीन वहिनींच्या हातात दिलं, म्हणजे त्यांना स्वतःला वाचता यावा.